आठ नावं, आठ ऑस्कर

टॅक्सीच्या मागच्या काचेला घरातल्या खिडकीसारखा पट्ट्यांचा पडदा असतो का? न्यूयॉर्कच्या टॅक्सीला तरी सहसा नसतो. तरीही ‘ऑन द वॉटरफ्रंट’ या १९५४ सालच्या चित्रपटातला टॅक्सीचा प्रसंग ज्यांनी पाहिला, त्यांतल्या फार थोड्यांना तो पडदा खटकला असेल. नजर तिकडं जातच नाही. प्रसंग खऱ्या टॅक्सीत, खऱ्या रहदारीत घ्यायचा बेत होता. निर्माता सॅम स्पीगलनं खर्चाला हात आखडता घेतला. स्टुडिओत येऊन पडला तो एका जुन्या टॅक्सीचा सांगाडा, आणि काचेतून मागं पळणारा रस्ता दाखवायची प्रोजेक्शनची यंत्रणा आणायची राहूनच गेली होती. मग काचेवर पडदा सोडला, कामगारांनी बाहेरून सांगाडा हलवत ठेवला, दिवे इकडून तिकडं फिरवले, आणि मार्लन ब्रँडो व रॉड स्टायगर मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसले.

दोघं सख्खे भाऊ आहेत. थोरला गोदीवरच्या गुंडांचा कारभारी. धाकटा एकेकाळचा मुष्टियोद्धा. पैजेच्या पैशांसाठी थोरल्यानंच त्याला एका लढतीत मुद्दाम हरायला लावलं होतं. आता धाकट्यानं चौकशी आयोगापुढं तोंड उघडू नये म्हणून थोरला पिस्तूल काढतो. ब्रँडो चिडत नाही, घाबरत नाही. तो ते पिस्तूल हातानं हळूच बाजूला सारतो आणि कीव आल्यासारखी मान हलवतो.

हा प्रसंग आपण दिग्दर्शित केला असं म्हणता येणार नाही, श्रेय त्या दोन नटांचं, असं इलिया कझाननं आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहिलं आहे. ते अर्धंच खरं मानायला हवं. चित्रीकरणाच्या काळात ब्रँडो रोज चार वाजता निघून जाई. मानसोपचारतज्ज्ञाची वेळ ठरलेली असे आणि कामावर येतानाच त्यानं ती सवलत मागून घेतली होती. त्यामुळे स्टायगरचे जवळून घ्यायचे शॉट्स लागले तेव्हा समोर ब्रँडो नव्हताच. त्याच्या ओळी दुसऱ्याच कुणी वाचल्या. हे स्टायगरच्या इतकं जिव्हारी लागलं की पुढं कित्येक वर्षं तो ते बोलून दाखवत राहिला. पडद्यावर मात्र आपल्याला एक आतून दुखावलेला थोरला भाऊ दिसतो. दुखणं नटाचं होतं की पात्राचं, हे प्रेक्षकाला कळत नाही, आणि कझानला त्याची फिकीर नव्हती.

या चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली. त्याच्या दोन वर्षं आधी, १० एप्रिल १९५२ रोजी, याच कझाननं अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या एका समितीपुढं आपल्या आठ जुन्या नाट्यसहकाऱ्यांची नावं घेतली होती. आकडे जुळले हा निव्वळ योगायोग. पण आजचं व्याख्यान या दोन आठांबद्दल आहे, कारण कझानचं नाव निघालं की पन्नास वर्षं लोक यांतला एकच आठ मोजत आले.

कझान जन्मानं अमेरिकी नव्हता. ७ सप्टेंबर १९०९ रोजी तो ऑटोमन साम्राज्याच्या राजधानीत, आजच्या इस्तंबूलमध्ये जन्मला. घराणं अनातोलियातल्या कायसेरीकडचं, ग्रीक. तुर्कांच्या राज्यात ग्रीकानं कसं राहायचं, तर मान खाली, चेहऱ्यावर हसू आणि मनातलं मनात. १९१३ साली कुटुंब न्यूयॉर्कला आलं. वडील गालिच्यांचे व्यापारी; मुलानं दुकानात बसावं एवढीच त्यांची अपेक्षा. आईनं मुलाची बाजू घेतली म्हणून तो विल्यम्स कॉलेजात जाऊ शकला. तिथं श्रीमंतांच्या पोरांना वाढायचं, त्यांची भांडी घासायची आणि शिकायचं. त्या पोरांनी आपल्याला कधी आपल्यात घेतलं नाही ही सल त्यानं म्हातारपणापर्यंत जपली. सल जपून ठेवणं ही त्याची खासियतच होती म्हणा ना.

येलच्या नाट्यविभागातून तो न्यूयॉर्कच्या ‘ग्रुप थिएटर’मध्ये आला. हॅरल्ड क्लर्मन, चेरिल क्रॉफर्ड आणि ली स्ट्रासबर्ग यांनी १९३१ साली ही संस्था काढली होती. स्टॅनिस्लाव्हस्कीच्या रीतीनं अभिनय शिकायचा, एकत्र राहायचं, एकत्र तालमी करायच्या आणि आजच्या माणसांची नाटकं करायची, असा तो संसार होता. कझान नट म्हणून कुणाच्या डोळ्यांत भरला नाही, पण सुतारकामापासून रंगमंच-व्यवस्थेपर्यंत पडेल ते काम करी. म्हणून त्याचं नाव पडलं ‘गॅजेट’, आणि त्याचं झालं ‘गॅज’. हे नाव त्याला पुढं नकोसं झालं, तरी मित्रांनी सोडलं नाही.

मंदीचे दिवस होते. ग्रुपमधल्या काहींनी कम्युनिस्ट पक्षाची एक छोटी शाखा चालवली, आणि १९३४ साली कझान तिचा सभासद झाला. दीडेक वर्षात बाहेरही पडला. ग्रुप थिएटर ताब्यात घ्या असा पक्षाचा हुकूम आला, त्यानं तो मानला नाही, आणि मग एका बैठकीत बाहेरून आलेल्या एका पक्ष-पुढाऱ्यानं सर्वांदेखत त्याची हजेरी घेतली. आपल्या बाजूनं कुणी उभं राहिलं नाही, असं कझान सांगत असे. याच काळात, १९३५ साली, ग्रुपनं क्लिफर्ड ओडेट्सचं ‘वेटिंग फॉर लेफ्टी’ हे टॅक्सीचालकांच्या संपावरचं नाटक केलं. कझान त्यात काम करत होता. नाटकात मालकांचा एक खबऱ्या संपकऱ्यांच्या सभेत शिरतो आणि त्याचं बिंग फोडतो त्याचा सख्खा भाऊ. हा योगायोग एखाद्या नाटककारानं रचला असता तर समीक्षकांनी त्याला फाडून खाल्लं असतं.

चाळिशीच्या दशकात कझान दिग्दर्शक म्हणून झपाट्यानं वर आला. आर्थर मिलरचं ‘ऑल माय सन्स’ आणि टेनेसी विल्यम्सचं ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ एकाच वर्षी, १९४७ साली. ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ १९४९ साली. यांतलं ‘स्ट्रीटकार’ विजय तेंडुलकरांनी ‘वासनाचक्र’ या नावानं मराठीत आणलं. अमेरिकी रंगभूमीवरची त्या दशकातली ही तीन थोर नाटकं पहिल्यांदा उभी केली ती एकाच माणसानं. १९४७ सालीच त्यानं क्रॉफर्ड आणि रॉबर्ट लुईस यांच्याबरोबर ‘अ‍ॅक्टर्स स्टुडिओ’ काढला, आणि ज्यूद्वेषावरच्या ‘जंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट’साठी दिग्दर्शनाचं ऑस्करही त्याच वर्षीच्या कामाला मिळालं. हा चित्रपट पुढं त्याला स्वतःलाच फार सभ्य वाटू लागला, आणि ते बरोबर आहे. आज तो पाहताना कुणीतरी धडा वाचून दाखवतंय असं वाटत राहतं.

नटांकडून काम काढून घेण्याची त्याची रीत मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. त्याचा पहिलाच चित्रपट ‘अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन’, १९४५ सालचा. त्यात एका गरीब घरातली कोवळी मुलगी आहे. ही भूमिका करणाऱ्या पेगी अ‍ॅन गार्नरला एका प्रसंगात मनापासून रडायचं होतं. तिचे वडील त्या वेळी लष्करात, युद्धावर होते. कझाननं तिला बाजूला घेतलं आणि तुझे बाबा कदाचित परत येणार नाहीत अशी शंका तिच्या मनात घातली. पोरगी रडायची थांबेना. शॉट उत्तम झाला. त्याच चित्रपटात दारुड्या बापाच्या कामासाठी त्यानं जेम्स डनला घेतलं, तेही डनची कारकीर्द दारूपायी उतरणीला लागली होती म्हणूनच. ते अपयश चेहऱ्यावर आयतं लिहिलेलं होतं. डनला ऑस्कर मिळालं. ‘व्हिवा झपाटा!’च्या वेळी ब्रँडो आणि अँथनी क्विन या पडद्यावरच्या दोन भावांमध्ये वैर दिसावं म्हणून त्यानं एकाचं दुसऱ्याला आणि दुसऱ्याचं पहिल्याला खोटंनाटं सांगून दोघांत लावून दिलं. पुढं बराच काळ त्या दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. क्विनलाही ऑस्कर मिळालं. ‘ईस्ट ऑफ ईडन’मध्ये बापाचं काम करणारा जुन्या वळणाचा रेमंड मॅसी आणि मुलाचं काम करणारा जेम्स डीन यांचं सेटवर जमेना, कझाननं ते मिटवायचा प्रयत्न तर केला नाहीच, वर फुंकर घातली. बायबल वाचायच्या प्रसंगात डीन मॅसीला ऐकू जातील अशा शिव्या हासडतो, मॅसी संतापानं थरथरतो आणि कॅमेरा ते टिपून घेतो.

माणसाची दुखरी नस कुठं आहे हे ओळखायचं आणि वेळ येताच तिच्यावर बोट ठेवायचं, ही कझानची विद्या. त्याच्या चित्रपटांतल्या नऊ कलावंतांना ऑस्कर मिळालं ते या विद्येच्या जोरावर. १९५२ साली ज्यांनी त्याला साक्षीला बोलावलं, त्यांनाही हीच विद्या येत होती, फक्त त्यांना कलेशी कर्तव्य नव्हतं.

अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणारी प्रतिनिधिगृहाची ही समिती कशी चालायची, ते ध्यानात घेतल्याशिवाय पुढची भानगड कळत नाही. १९४७ साली दहा पटकथाकार-दिग्दर्शकांनी भाषणस्वातंत्र्याचा आधार घेऊन समितीच्या प्रश्नांना उत्तरं नाकारली. संसदेचा अवमान केल्याबद्दल ते पुढं तुरुंगात गेले. त्याआधीच, नोव्हेंबर १९४७ मध्ये, मोठ्या स्टुडिओंचे प्रमुख न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जमले आणि अशा लोकांना काम देणार नाही असं जाहीर करून मोकळे झाले. १९५१ साली चौकशीचा दुसरा फेरा सुरू झाला. आता साक्षीदारापुढं तीन वाटा होत्या. पहिली त्या दहांची, म्हणजे तुरुंगाची. दुसरी घटनेच्या पाचव्या दुरुस्तीची: स्वतःला गुन्ह्यात गोवणारं उत्तर देणार नाही असं म्हणायचं, मग तुरुंग टळतो, पण काळ्या यादीत नाव जातं आणि फोन वाजायचा थांबतो. गोम अशी की स्वतःबद्दल एकदा बोललात की हे संरक्षण जातं आणि दुसऱ्यांबद्दलही बोलावंच लागतं. म्हणजे ‘माझं सांगतो, मित्रांचं सांगणार नाही’ ही सभ्य माणसाची वाट कायद्यानंच बंद करून ठेवली होती. तिसरी वाट नावं सांगायची.

आणि ही नावं समितीला हवी होती ती माहिती म्हणून नव्हे. बहुतेक सगळी तिच्याकडं आधीच होती, कुठल्या ना कुठल्या साक्षीत येऊन गेली होती. व्हिक्टर नवास्कीनं १९८० सालच्या ‘नेमिंग नेम्स’ या पुस्तकात हे तपशिलानं दाखवलं आहे. नावं सांगणं हा शुद्धीकरणाचा विधी होता. चारचौघांत आपल्याच माणसांवर बोट दाखवायचं आणि मग पंक्तीत परत बसायचं.

१४ जानेवारी १९५२ रोजी बंद दाराआड झालेल्या पहिल्या साक्षीत कझाननं स्वतःचं सभासदत्व कबूल केलं आणि इतरांची नावं सांगायला नकार दिला. मग पडद्यामागची चक्रं फिरली. ट्वेंटिएथ सेंचुरी-फॉक्सचा प्रमुख स्पायरोस स्कूरास, तोही ग्रीकच, त्यानं नावं दिल्याशिवाय चित्रपटात काम मिळणं कठीण आहे हे कानांवर घातलं. कझान क्लिफर्ड ओडेट्सला भेटला; दोघांनी एकमेकांना एकमेकांचं नाव घ्यायची मुभा दिली, असं कझानचं सांगणं. आर्थर मिलरला त्यानं कनेक्टिकटच्या आपल्या घरी बोलावून घेतलं आणि जंगलात फिरता फिरता आपण काय करणार आहोत ते सांगितलं. मिलर तिथून पुढं मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला निघाला होता, सतराव्या शतकातल्या चेटकिणींच्या खटल्याची दप्तरं पाहायला. त्यातून झालेलं ‘द क्रुसिबल’ जानेवारी १९५३ मध्ये रंगमंचावर आलं, अर्थातच दुसऱ्या दिग्दर्शकाकडून. मिलरच्या आत्मचरित्रात या फेरफटक्याची हकिगत आहे. त्याच्या मनात एक विचार येऊन गेला: मी जर थोडा आधी जन्मलो असतो आणि याच्या त्या शाखेत असतो, तर आज यानं माझंही नाव दिलं असतं.

१० एप्रिलला कझाननं नावं दिली. ओडेट्स, फीबी ब्रँड, मॉरिस कार्नोव्हस्की, आर्ट स्मिथ, लुईस लेव्हरेट, टोनी क्रेबर, पॉला स्ट्रासबर्ग आणि जे. एडवर्ड ब्रॉम्बर्ग. ब्रॉम्बर्ग तर चारच महिन्यांपूर्वी लंडनमध्ये वारला होता. यांच्याखेरीज पक्षाच्या काही पदाधिकाऱ्यांचीही नावं त्यानं घेतली. साक्षीला त्यानं आपल्या आजवरच्या नाटक-चित्रपटांची यादी जोडली, प्रत्येक नावापुढं छोटा खुलासा: यात अमेरिकेविरुद्ध काही कसं नाही, यातला आशय निरुपद्रवी कसा. ‘व्हिवा झपाटा!’ तर साम्यवादविरोधीच आहे, अशी ग्वाही. ज्या माणसानं ‘सेल्समन’ आणि ‘स्ट्रीटकार’ उभं केलं, तो आपल्याच कामाला शाळेच्या तपासनिसापुढं वही धरावी तसं धरून उभा आहे. नावांपेक्षाही ही यादी वाचताना जास्त कसंनुसं होतं.

लोकांना सर्वांत झोंबलं ते मात्र दोन दिवसांनी. १२ एप्रिलच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये कझाननं पैसे भरून निवेदन छापलं. त्याची बायको मॉली हिनं ते लिहिलं होतं. गुप्तता कम्युनिस्टांच्याच पथ्यावर पडते, तेव्हा इतरांनीही पुढं येऊन बोलावं, असा त्याचा सूर. दबावाखाली मोडणाऱ्या माणसाला लोक कधीतरी माफ करतात. मोडल्यावर मोडण्याचं महत्त्व पटवायला निघालेल्याला करत नाहीत. साक्षीनंतर लगेच त्यानं गडगंज पैशांचा करार केला अशी वदंता पसरली. कझाननं ती कायम नाकारली आणि उलट स्टुडिओनं आपलं मानधन कापलं असं सांगितलं. ते खरं धरलं तरी मुद्दा राहतोच. काळी यादी चित्रपट, रेडिओ आणि टीव्हीत कडक होती, ब्रॉडवेवर तेवढी नव्हती. अमेरिकी रंगभूमीवरचा पहिल्या क्रमांकाचा दिग्दर्शक नाटकं करत सुखानं जगला असता. त्यानं नकार दिला असता तर कदाचित यादीलाच तडा गेला असता, असं त्याच्या विरोधकांना वाटे, आणि हे म्हणणं अगदीच हवेतलं नाही.

त्याच्याच जुन्या सोबत्याची, जॉन गारफील्डची गत काय झाली पाहा. गारफील्ड ग्रुप थिएटरचा, पुढं हॉलिवूडचा मोठा नट, ‘जंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट’मध्ये कझाननंच त्याला घेतलं होतं. त्यानं समितीला नावं दिली नाहीत. कामं आटली. २१ मे १९५२ रोजी, कझानच्या साक्षीनंतर सहा आठवड्यांच्या आत, तो हृदयविकारानं गेला. वय ३९.

आता ‘वॉटरफ्रंट’. त्याची सुरुवात मुळात मिलरबरोबर झाली होती. ब्रुकलिनच्या रेड हूक गोदीतल्या कामगारांवर मिलरनं ‘द हूक’ नावाची पटकथा लिहिली आणि १९५१च्या सुरुवातीला दोघं ती घेऊन कोलंबियाच्या हॅरी कोनकडं गेले. कामगार संघटनेचा नेता रॉय ब्रूअर म्हणाला, यातले गुंड बदलून कम्युनिस्ट करा. गोदीतली खरी परिस्थिती मिलरला ठाऊक होती. त्यानं पटकथा मागं घेतली. कझाननं मग बड शुल्बर्गला गाठलं. शुल्बर्ग कादंबरीकार, आणि त्यानंही १९५१ साली समितीपुढं नावं दिलेली. माल्कम जॉन्सन या पत्रकाराच्या गोदीवरच्या गुन्हेगारीच्या पुलित्झर मिळवणाऱ्या लेखमालेवरून त्यानं पटकथा रचली. फॉक्सच्या डॅरिल झॅनकला घामट गोदीकामगारांत कुणाला रस असणार हे कळेना. त्याला सिनेमास्कोपचं वेड लागलं होतं. कझान आणि शुल्बर्ग हॉटेलात हताश बसले असताना शेजारच्या खोलीत सॅम स्पीगल उतरला होता. त्यानं चित्रपट घेतला.

हडसन नदीच्या पलीकडं होबोकेनला, ऐन हिवाळ्यात ३६ दिवसांत चित्रीकरण झालं. नटांच्या तोंडातून निघणारी वाफ खरी आहे. गुंडांच्या कामांना टोनी गॅलेंटो, एब सायमन, टॅमी मॉरिएलो हे खरे मुष्टियोद्धे घेतले. तिघंही एकेकाळी जो लुईसकडून हरलेले. बागेतल्या प्रसंगात नायिका ईव्हा मारी सेंटच्या हातून तालमीत चुकून हातमोजा पडला, ब्रँडोनं तो उचलला आणि बोलता बोलता स्वतःच्या हातात घालून बसला. कझाननं तो अपघात तसाच ठेवला. बाईला जायचंय, पण मोजा याच्याकडं आहे. त्या मोज्यात शिरणारा ब्रँडोचा दांडगा हात संवादापेक्षा जास्त सांगून जातो.

कथा अशी: गुंडांच्या ताब्यातल्या गोदीवर खून होतात, सगळे मूग गिळून बसतात, आणि टेरी मलॉय, म्हणजे ब्रँडोचा धाकटा भाऊ, शेवटी आयोगापुढं साक्ष देतो. त्याला लोक टाळतात, त्याची कबुतरं मारली जातात. मग तो पुढाऱ्याच्या अड्ड्यावर जाऊन आपण केलं ते बरंच केलं असं ओरडतो. तिथं ओरडणारा मीच होतो, असं कझाननं आत्मचरित्रात लिहिलं. इथं त्याला थांबवायला हवं. टेरी साक्ष देतो ती खुन्यांविरुद्ध. ते सत्तेत आहेत आणि बोलणाऱ्याच्या जिवाला धोका आहे. कझानची साक्ष होती कामासाठी वणवण करणाऱ्या नटांविरुद्ध, सोळा-सतरा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी दिवाणखान्यात भरलेल्या बैठकांबद्दल, आणि सत्ता होती त्याला प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला. ही तुलना टिकत नाही. पण चित्रपट टिकतो, कारण टेरीच्या मनातली घालमेल, आपल्याच गल्लीत वाळीत पडणं, हे कझाननं कुणाकडून ऐकलेलं नव्हतं. त्या दोन वर्षांत रस्त्यात ओळखीचे लोक त्याला पाहून पलीकडच्या बाजूला जात होते.

मुंबईला हा चित्रपट वेगळ्याच वाटेनं पोचला. १९९८च्या ‘गुलाम’मध्ये आमिर खानचा मुष्टियोद्धा, गुंडाच्या पदरी असलेला थोरला भाऊ आणि त्याचा खून, हे सगळं ‘वॉटरफ्रंट’चं आहे. थिएटरात शिट्ट्या मारणाऱ्या प्रेक्षकाला मागच्या साक्षीचा वास यायचं कारण नव्हतं. कथेला स्वतःचे पाय फुटले होते.

साक्षीनंतर कझानचं काम खालावलं नाही, हे त्याच्या शत्रूंना सर्वांत जड गेलं असावं. आधीचे चित्रपट चोख पण शहाणे, नंतरचे अस्वस्थ. १९५६चा ‘बेबी डॉल’ पाहायला कार्डिनल स्पेलमननं न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमधून भाविकांना बंदी घातली, तीही चित्रपट न पाहता. १९५७चा ‘अ फेस इन द क्राउड’ तेव्हा साफ आपटला. तुरुंगातून उचललेला गावठी गवय्या टीव्हीच्या जोरावर देशाचं राजकारण हलवू लागतो आणि एकदा मायक्रोफोन चालू असताना आपल्या प्रेक्षकांबद्दल खरं काय वाटतं ते बोलून बसतो. कझानचं एकच काम पाहायचं असेल तर आज हे पाहावं. १९६३च्या ‘अमेरिका अमेरिका’त त्यानं आपल्या काकाची गोष्ट सांगितली: अनातोलियातला ग्रीक पोरगा हसतमुखानं अपमान गिळत, लबाडी करत, अमेरिकेला पोचतो. स्वतःच्या वागण्याचा एवढा प्रामाणिक खुलासा त्यानं दुसरीकडं कुठं केला नाही. खुलासा म्हणून तो पटतो, माफीनामा म्हणून वाचायला गेलं तर हाताला काही लागत नाही. १९७२ साली मुलाच्या पटकथेवर, आपल्याच घरात, तुटपुंज्या पैशांत त्यानं ‘द व्हिजिटर्स’ केला. व्हिएतनाममधल्या अत्याचाराबद्दल साथीदारांविरुद्ध साक्ष देणाऱ्या सैनिकाच्या दारात तेच साथीदार येऊन उभे राहतात. वीस वर्षं झाली तरी साक्षीदार त्याचा पिच्छा सोडत नव्हता.

मिलरशी अबोला दहाएक वर्षं टिकला. १९५६ साली मिलरलाही समितीनं बोलावलं. त्यानं नावं दिली नाहीत, अवमानाचा दोषी ठरला आणि १९५८ साली अपिलात सुटला. पुढं लिंकन सेंटरच्या नव्या नाट्यसंस्थेत दोघं पुन्हा एकत्र आले. १९६४ सालचं ‘आफ्टर द फॉल’ मिलरनं लिहिलं, कझाननं बसवलं, आणि त्यात समितीपुढं नावं सांगायला निघालेलं एक पात्र आहे. तालमीत कझाननं त्या नटाला काय सूचना दिल्या असतील हे ऐकायला अनेकांनी तिकीट काढलं असतं.

१९८८ साली आत्मचरित्र आलं. जाडजूड, निर्लज्ज आणि हातातून खाली ठेवता न येणारं. त्यात पश्चात्ताप एका पानावर येतो आणि दुसऱ्या पानावर मागं घेतला जातो. संस्था मात्र हिशेब विसरल्या नव्हत्या. १९९६ साली लॉस एंजेलिसच्या चित्रपट समीक्षकांनी त्याला जीवनगौरव नाकारून तो रॉजर कॉर्मनला, स्वस्त भयपटांच्या बादशहाला दिला. मग जुना मित्र कार्ल माल्डन अकॅडमीच्या मंडळापुढं बोलला आणि मानद ऑस्कर ठरलं. विरोधकांत सर्वांत धारदार एब्राहम पोलन्स्की. १९४८चा ‘फोर्स ऑफ ईव्हिल’ हा दिग्दर्शक म्हणून त्याचा पहिला चित्रपट, दुसरा आला १९६९ साली. मधली एकवीस वर्षं काळ्या यादीनं खाल्ली होती. सोहळ्यात कुणी कझानला गोळी घातली तर कंटाळवाण्या संध्याकाळी जरा मजा येईल, अशा अर्थाचं तो बोलून गेला. स्टायगरही विरोधात होता. मिलरनं मात्र सन्मानाला पाठिंबा दिला.

२१ मार्च १९९९ रोजी ८९ वर्षांचा कझान मार्टिन स्कॉर्सेसी आणि रॉबर्ट डी नीरो यांच्या मध्ये उभा राहिला. बाहेर निदर्शनं चालली होती. आत वॉरन बेटी आणि मेरिल स्ट्रीप उभे राहिले, स्पीलबर्गनं बसून टाळ्या वाजवल्या, निक नोल्टी आणि एड हॅरिस हाताची घडी घालून बसून राहिले. माफी मागेल अशी काहींना आशा होती. त्यानं आभार मानले, स्कॉर्सेसीला मिठी मारली आणि आता आपण हळूच निसटायला हरकत नाही असं म्हणून गेला.

त्या आठांचं काय झालं, हे त्या रात्री फारसं कुणी विचारलं नाही. ओडेट्सनं साक्षीत स्वतः नावं दिली आणि तो १९६३ साली गेला. पॉला स्ट्रासबर्ग मेरिलिन मन्रोची अभिनयशिक्षिका झाली. क्रेबर सीबीएसमध्ये होता, त्याची नोकरी गेली. आर्ट स्मिथला १९५७ साली ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या पहिल्या प्रयोगात डॉक या म्हाताऱ्या दुकानदाराचं काम मिळालं. कार्नोव्हस्कीला सिनेमानं दार लावलं तेव्हा तो कनेक्टिकटच्या स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअर करू लागला आणि तिथला त्याचा किंग लिअर गाजला. त्याची बायको फीबी ब्रँड मुलांना आणि नटांना अभिनय शिकवत राहिली. सिनेमाच्या पडद्यावर ती दिसली ती १९९४ साली, लुई मालच्या ‘व्हान्या ऑन फॉर्टीसेकंड स्ट्रीट’मध्ये, पंच्याऐंशी ओलांडल्यावर. चेकॉव्हच्या नाटकातल्या म्हाताऱ्या दाईचं काम आहे, समोवारपाशी बसायचं, चार वाक्यं बोलायची. ते तिनं ग्रुप थिएटरमध्ये शिकलेल्या रीतीनं केलं.